सोमवारची गोळी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

नांदेड
२१ जुलै २०२४

चि. सौ. दिपाली हिस,
अनेक आशीर्वाद.

“पोरगं खेळायलंय की आता, मग औषध कशाला?”

हे आपल्या बाबांचं वाक्य. सदतीस वर्षांपूर्वीचं, निलंग्याच्या भाड्याच्या घरातलं. मी आठ वर्षांची होते, दारात बसून शेंगा फोडत होते. तुझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. परवा तुझ्या पत्रात वाचलं की तुझ्या सासूबाई ईश्वरीकडे बघून म्हणाल्या, पोरगी दोरीवरच्या उड्या मारायलीय, आता तरी बंद करा ते विष. तेव्हापासून माझं मन वर्गात नाही. काल अकरावीच्या पोरांना एकच समीकरण दोनदा शिकवलं. त्यांनी ते निमूटपणे दोनदा उतरवून घेतलं, यावरून त्यांचंही मन कुठे असतं ते कळलं.

नरसिंगदादा म्हणजे तुझ्यासाठी भिंतीवरचा फोटो. त्याला रक्ताचा कर्करोग झाला आणि औषध लागू पडलं नाही, एवढंच तुला सांगण्यात आलं. आई असेपर्यंत घरात तो विषय काढायचा नाही, असा अलिखित नियम होता. पण तुला सांगितलं ते खरं नाही, दिपा. औषध लागू पडलं होतं. बाबा त्याला मुंबईला घेऊन गेले, चार महिने राहिले. दादा परत आला तेव्हा त्याचं तोंड फुगून भाकरीएवढं झालं होतं, डोक्यावर केस नव्हते. मग हळूहळू तो पहिल्यासारखा झाला. विटीदांडू खेळायला लागला, मला चिमटे काढायला लागला. घरी द्यायच्या गोळ्या दोन वर्षांच्या होत्या. त्या घेतल्या की त्याला मळमळायचं, तो रडायचा. आणि बाबांना ते बघवेना. वाईट माणूस नव्हते ते. गोळ्या बंद करून मुलाचं रडणं थांबवलं त्यांनी, बस. आजार पुढच्या उन्हाळ्यात परत आला, आणि मग मात्र खरोखर काही लागू पडलं नाही.

ईश्वरीचे केस परत आले, गाल भरले, तिसरीत जायला लागली, याचा मला तुझ्याइतकाच आनंद आहे. पण अवघड औषधं मार्चमध्ये संपली म्हणजे उपचार संपले नाहीत. पुढच्या वर्षाच्या शेवटापर्यंत गोळ्या चालूच राहणार, डॉक्टरांनी तुला कितीदा सांगितलंय. तुझ्या घरात कोण काय म्हणतं यावर ते ठरायचं नाही.

हे फोनवर बोलता येत नाही, कारण तुझी लेक फोनला कान लावून बसते आणि मेसेज तर तुझ्याआधी वाचते. माझं अक्षर तिला अजून लागत नाही, तेवढं एक बरं आहे. पत्र गच्चीवर जाऊन वाच.

भीमाशंकररावांना नमस्कार, ईश्वरीला एक पापा. लोभ आहे तसा राहू दे. सोबत थोडी काळजीही पाठवतेय, ती परत धाडू नकोस.

तुझी अक्का,
मंजुश्री

---

लातूर
२ ऑगस्ट २०२४

ती. अक्का हिस,
दिपालीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र गच्चीवरच वाचलं. खाली आले तर कुकरच्या सात शिट्ट्या होऊन गेल्या होत्या आणि वरणाचा वास गंजगोलाईपर्यंत गेला असेल. ह्यांनी दुकानातून आल्याआल्या विचारलं, काय जाळलंस? मी म्हटलं, माहेर. पुढं काही विचारलं नाही त्यांनी. भांडी विकणाऱ्या माणसाला कुठलं भांडं आतून तडकलंय हे न वाजवता कळतं बहुतेक.

अक्का, मला राग आला. दादाचा फोटो मी दर दिवाळीला पुसत आले आणि मला कुणी खरं सांगितलं नाही. बाबांचाही राग आला, आणि मग लगेच आठवलं की गेल्या सोमवारी ईश्वरी ओकारी काढत होती तेव्हा मी मनात काय म्हणत होते. तेच. एक दिवस नाही दिली तर काय होईल, असंच. म्हणून बाबांवरचा राग टिकला नाही.

आता आमच्या अव्वांचं ऐक. माझ्या सासूबाई म्हणजे तुला माहीतच आहेत, पहाटे आंघोळ, कपाळावर विभूती, लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. डॉक्टरांनी आठवड्याची ती पिवळी गोळी सोमवारी ठरवून दिली, कारण सोमवार मी विसरणार नाही असं मीच म्हणाले होते. तेच त्यांना खुपतंय. सोमवार देवाचा, त्या दिवशी लेकराच्या पोटात विष घालता होय गं, म्हणाल्या. वार बदलून मागावा का, असं मी ह्यांना विचारलं, तर हे म्हणाले, मंगळवारी दिली तर मंगळवारचा देव गप्प बसणार हाय का? अव्वा दोन दिवस ह्यांच्याशी बोलल्या नाहीत. आता सोमवारपासून श्रावण लागतोय. म्हणजे माझं काय व्हायचंय ते बघ.

पण त्यांना नुसतं वाईट म्हणू नकोस. ईश्वरीच्या डोक्यावरचे केस गेले तेव्हा त्यांनी स्वतःच्या वेणीला तेल लावणं सोडलं होतं. आणि काल त्यांनी मला एक प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर मला देता आलं नाही. म्हणाल्या, लेकराला विष पाजून लेकरू जगतं, हे पहिल्यांदा कुणाच्या डोस्क्यात आलं? आणि त्यानं कुणाच्या लेकराला पाजून बघितलं? मी म्हटलं, अक्काला विचारते, ती रसायनाची बाई आहे. तर लवकर लिही. आमच्याकडे गल्लीत ट्यूशनची पोरं रसायनशास्त्र पाठ करत फिरतात, पण असं काही त्यांच्या पुस्तकात नसावं.

गोळ्या चालू आहेत, चालू राहतील. तू पाठवलेली काळजी ठेवून घेतली, घरात जागा कमी आहे तरी. असाच लोभ ठेव, फक्त खरं सांगायला सदतीस वर्षं लावू नकोस.

तुझी,
दिपाली

---

नांदेड
११ ऑगस्ट २०२४

चि. सौ. दिपाली हिस,
अनेक आशीर्वाद.

अव्वांचा प्रश्न घेऊन मी आठवडाभर स्टाफरूममध्ये बसलेय. दोन पुस्तकं मागवली, एक आलं. बाकीच्या बायका गौरीच्या साड्यांचं बोलतात आणि मी मध्येच कुणाला तरी बोस्टनचं काहीतरी सांगते, त्या जरा सरकून बसतात.

गोष्ट सुरू होते मुंबईत. शतक होत आलं त्याला. तिथल्या गिरणीकामगार बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडायच्या आणि त्यातल्या कितीतरी मरायच्या. इंग्लंडहून आलेल्या एका डॉक्टरबाईने शोधून काढलं की यीस्टच्या अर्काने त्यांच्या अंगात पुन्हा रक्त भरतं. त्या अर्कात, हिरव्या पालेभाजीत जे काही होतं, त्याला पुढे फोलिक ॲसिड नाव मिळालं. मग ते अमेरिकेत कारखान्याच्या प्रयोगशाळेत तयार करायला लागले, आणि त्या लोकांचा म्होरक्या कोण होता, तर आंध्रातल्या भीमावरमचा यल्लाप्रगडा सुब्बाराव. आपल्या देगलूरपलीकडची भाषा बोलणारा माणूस. मला हे वाचून उगीचच बरं वाटलं.

आता बोस्टन. तिथे मुलांच्या दवाखान्यात एक डॉक्टर होता. तोपर्यंत रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलाला रक्त चढवायचं आणि वाट बघायची, एवढाच उपचार होता. हा डॉक्टर आलेल्या पोरांकडे बघून विचार करायचा, की ही मुलं इतकी पांढरी पडलीत आणि फोलिक ॲसिडने रक्त भरतं, तर ते देऊन बघू. दिलं. आणि दिपा, आजार थांबायचा राहिला, आणखी जोराने वाढायलाच लागला. रोगट पेशींनाच ते जास्त मानवलं. चांगल्या मनाने दिलेली वस्तू होती ती.

त्या माणसाचं मला काय आवडलं सांगू? त्याने ते झाकलं नाही. त्याने उलटा प्रश्न विचारला. हे दिल्याने रोग वाढतो, तर रोगाला हेच मिळू दिलं नाही तर? सुब्बारावांच्या लोकांनी मग फोलिक ॲसिडसारखं दिसणारं, पण पेशीच्या काहीच उपयोगाचं नसणारं रसायन बनवलं. पेशी फसते, ते उचलते आणि तिची वाढ अडते. सत्तेचाळीस साल संपता संपता ते मुलांना द्यायला सुरुवात झाली. सोळा मुलांचा वृत्तांत छापला, त्यातली दहा सुधारली. जी उठू शकत नव्हती ती चालायला लागली, खेळायला लागली. मग काही महिन्यांत आजार परत आला आणि ती मुलं गेली. अव्वांना हेही सांग. कुणाच्या लेकराला पाजून बघितलं, याचं उत्तर हे आहे. ज्यांच्याकडे दुसरं काहीच उरलं नव्हतं, त्यांच्या लेकरांना.

पुढची वीस वर्षं लोक औषधं शोधत होते आणि एकमेकांशी भांडत होते. एक औषध पुरत नाही म्हणून दुसरं, तिसरं. एक औषध निघालं सदाफुलीतून. होय, तुझ्या गच्चीवरच्या कुंडीतली सदाफुली, त्याच जातीची. सगळी औषधं एकत्र द्यायची म्हटल्यावर बाकीचे डॉक्टर म्हणाले, लेकरांचा छळ करताय. पण एकत्र दिल्यावरच मुलं जगायला लागली. आणि मग सगळ्यात कडू गोष्ट कळली, की तपासणीत रोग दिसेनासा झाला तरी तो गेलेला नसतो. मूल हसतं, उड्या मारतं आणि चार पेशी कुठेतरी दबा धरून बसलेल्या असतात. म्हणून दोन-अडीच वर्षं. आज ईश्वरीसारख्या दहा मुलांतली आठ-नऊ बरी होतात, जिथे पुरे उपचार मिळतात तिथे. ‘पुरे’ या शब्दाखाली मी दोनदा रेघ मारलीय बघ.

तिची सोमवारची पिवळी गोळी ही त्या पहिल्या औषधाची धाकटी बहीण. अव्वांना म्हणावं, विष आहे हे खरंच. पण ते कुणासाठी आहे, ते बघा.

मला हल्ली एका जागी बसवत नाही. पाणी भरून ठेवते, पुन्हा भरायला जाते. तुझं पत्र येईपर्यंत असंच चालायचं. लोभ मोजून ठेव, मी आल्यावर वजन करून घेईन.

तुझी अक्का,
मंजुश्री

---

लातूर
२० ऑगस्ट २०२४

ती. अक्का हिस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी ईश्वरी शाळेत गेल्यावर अव्वांना वाचून दाखवलं. त्या तूर निवडत होत्या. सुरुवातीला मान वर केली नाही. ती सोळा मुलं आली तेव्हा हात थांबला, म्हणाल्या, त्यांच्या आयांची नावं लिहिल्यात का कुठं? मी म्हटलं, नसतील. मग पुन्हा तूर. सदाफुलीचं ऐकून मात्र उठून गच्चीवर गेल्या आणि कुंडीपुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, जसं काही ते रोप घरात राहून इतकी वर्षं त्यांच्यापासून लपवत होतं. आता रोज स्वतः पाणी घालतात. देवाला मात्र तिचं फूल वाहत नाहीत. म्हणतात, औषधाचं हाय, त्याला कामात राहू दे.

परवा सोलापूरला डॉक्टरांकडे जाऊन आलो. ईश्वरी खिडकीत बसून उजनी धरण दाखव म्हणत होती, ते धरण त्या रस्त्यावर येत नाही हे सांगूनही. रक्ताचे आकडे छान आले. मी हरखून गेले, पण डॉक्टर हरखले नाहीत. म्हणाले, पांढऱ्या पेशी इतक्या चांगल्या नकोत, ह्या औषधावर त्या थोड्या दबलेल्या असायला पाहिजेत. गेल्या दोन्ही वेळेला असंच झालं. गोळ्या चुकतात का, उलटी होते का, असं तीन-तीनदा विचारलं. मी जवळजवळ भांडलेच, की माझ्या हाताने देते, गिळेपर्यंत तोंडाकडे बघत बसते. शेवटी त्यांनी डोस वाढवला.

घरी येऊन हे सांगितलं तर अव्वा केवढ्या हसल्या! डॉक्टरला काय कळतंय, म्हणाल्या, रक्त माझ्या गोळीनं वाढलंय. कुठली गोळी विचारलं तर पदराने तोंड पुसत म्हणाल्या, म्हातारीची बी एक विद्या असती. बहुतेक ह्यांच्या लहानपणची कुठली तरी साखरगोळी असेल, पूजेनंतर दुधासोबत देतात वाटतं. मी काही बोलले नाही. निदान त्या आता विष बंद करा म्हणत नाहीत, एवढं मला पुष्कळ आहे.

राखीला तू आली नाहीस म्हणून ईश्वरीने तुझी राखी सदाफुलीला बांधली. लोभ असू दे, आणि पोत्याने पाठव, इथे ठेवायला गोदाम आहे.

तुझी,
दिपाली

---

नांदेड
२४ ऑगस्ट २०२४

चि. दिपा,

काल फोनवर मी ओरडले. तू घाबरलीस, ईश्वरी मागून काय झालं काय झालं करत होती, तेही ऐकू आलं. तुझं पत्र कॉलेजच्या फाटकातच उघडलं होतं आणि तिथूनच फोन लावला. आता शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

तू फोनवर गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचलंस तेव्हा मला जी भीती होती तीच खरी निघाली. फोलिक ॲसिड. मी तुला सबंध पानभर जे लिहिलं तेच. गरोदर बाईला ते लागतं, अव्वांना कुणीतरी तेव्हा दिलं असेल आणि त्याने त्यांच्या अंगात रक्त भरलं असेल. त्यांनी ते मनातून काढलेलं नाही. पण ईश्वरीची सोमवारची गोळी ज्या वस्तूची वाट अडवते, तीच वस्तू रोज सकाळी दुधासोबत तिच्या पोटात जात होती. किती बिघडलं, की काहीच बिघडलं नाही, हे मला माहीत नाही. मी शिकवणारी बाई आहे, डॉक्टर नाही. म्हणून पाकीट घेऊन लगेच सोलापूरला जा. काही लपवू नको, काही वाढवूनही सांगू नको. कधीपासून, रोज किती, एवढं अव्वांना विचारून घे.

आणि विचारताना जीभ सांभाळ. मला काल स्वतःची सांभाळता आली नाही, तरी तुला सांगतेय.

निघण्याआधी फोन कर. नुसतं पोचलो एवढं म्हण, बाकी मी समजेन.

अक्का

---

लातूर
२९ ऑगस्ट २०२४

ती. अक्का,
न. वि. वि.

जीभ सांभाळता आली नाही.

अव्वांनी काहीच लपवलं नाही. पाडव्यापासून देते म्हणाल्या, चौकातल्या मेडिकलवाल्याकडून आणते, तो ओळखीचा आहे, रोज एक. ह्यांच्या जन्माच्या वेळी अंगात रक्त नव्हतं, सुईणीने आशा सोडली होती, तेव्हा दवाखान्यातल्या नर्सने याच गोळ्या दिल्या आणि मी बी जगले, माझं लेकरू बी जगलं, म्हणाल्या. दवाखान्याचं विष उतरवायला घरचं काहीतरी पाहिजे की. हे सगळं इतक्या सहज सांगितलं, जसं मी त्यांना लोणच्याचं माप विचारलं होतं.

मी म्हणाले, तुम्ही तिला मारायला निघाला होता.

हे आत होते, बाहेर आले, माझ्याकडे बघितलं, त्यांच्या आईकडे बघितलं आणि चपला न घालता दुकानाकडे निघून गेले. अव्वा खाली बसल्या. रडल्या नाहीत. त्या रडल्या असत्या तर मी थांबले असते. मी मात्र तशीच ईश्वरीकडे गेले, तिचे दोन्ही खांदे धरले आणि सांगितलं, आजपासून अज्जीच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. संध्याकाळी अव्वांनी नेहमीसारखा चिकू सोलून तिच्यापुढे धरला. पोरीने दोन्ही हात पाठीमागे नेले. तेव्हा मला बरं वाटलं, अक्का. जिन्यात जाऊन उभी राहिले, आणि मग वाटेना.

सोलापूरला डॉक्टर रागावले नाहीत, त्यानेच जास्त भीती वाटली. पाकीट बराच वेळ हातात धरून बसले. म्हणाले, आकड्यांचा अर्थ आता लागतोय. कमरेच्या हाडातून नमुना घेऊ, खात्री करून घेऊ. तो घेतलाय, निकाल यायचाय. ईश्वरी विचारते, मी परत आजारी पडलेय का. मी म्हणते, नाही. मग ती विचारते, मग अज्जीचं पाणी का नाही.

मला या घरात श्वास घेता येत नाही. परवाच्या गाडीने तिला घेऊन तुझ्याकडे येतेय. किती दिवसांसाठी, विचारू नकोस. हे स्टँडपर्यंत सोडायला येतील. दार उघडं ठेव, एवढाच लोभ आत्ता पुरे.

दिपाली

---

नांदेड
१५ सप्टेंबर २०२४

ती. नागम्मा अव्वा यांस,
मंजुश्रीचा सा. नमस्कार.

आपल्याला मी याआधी कधी पत्र लिहिलं नाही. दिपालीला विचारून लिहितेय. ती हो म्हणाली नाही, पण समोरून उठूनही गेली नाही.

नमुन्याचा निकाल आला. त्यात रोग दिसत नाही. भीमाशंकररावांनी आपल्याला सांगितलं असेलच, तरी मला माझ्या हाताने लिहायचं होतं. मधल्या महिन्यांत औषधाचा जोर किती कमी पडला, हे मात्र कुणालाच सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवू, गोळ्या ठरल्या दिवसापर्यंत एकही न चुकता द्या. म्हणजे अजून वर्षाच्या वर.

बोस्टनच्या डॉक्टरची गोष्ट आपण ऐकली आहे. आपण दिलं तेच त्यानेही दिलं होतं, त्याच भावनेने. मी हे आपली समजूत घालायला लिहीत नाही, चूक ती चूकच. पण त्याची चूक पुढच्या लाखो लेकरांच्या उपयोगी पडली, कारण ती सगळ्यांसमोर आली. आपणही विचारल्याबरोबर सगळं सांगितलंत. आपण लपवलं असतं, तर आज मी हे पत्र लिहायला बसले नसते, आणि आमची ईश्वरी कुठल्या वाटेला लागली असती कोण जाणे.

ईश्वरी बरी आहे. गोदावरीच्या घाटावर रोज एक फेरी होते. काल तिने विचारलं, अज्जी माझ्यावर रागावली का? मी म्हणाले, नाही. खरं ना ते?

दिपाली कधी परत येईल, मला ठाऊक नाही. रात्रीचं जेवण झालं की घरभर फिरते. मी तिला काही म्हणणार नाही. आपणच काय ते ठरवा.

आपला लोभ आमच्या घरावर होता, तो असाच राहील अशी आशा धरते.

आपली,
मंजुश्री

---

लातूर
२४ सप्टेंबर २०२४

सौ. दिपालीस,
नागम्माचा आशीर्वाद.

माझी शाळा कन्नड सातवी, मराठी लिहायला हात वळत न्हाई. भीमाशंकर म्हणला, मी लिहून घेतो. म्या न्हाई म्हणले. हे त्यानं लिहायचं न्हाई. रविवारी तो येईल तेव्हा हातात दील.

मंजुश्रीबाईंचं पत्र पोचलं. लई नीट लिहितात. त्यांना सांग, म्हातारी रागावलेली न्हाई, रागवायचं तोंडच न्हाई. ईश्वरीला बी तेच सांग, पण थोडं गोड करून.

तू गेल्यावर मला भाकर जाईना. मग म्या भीमाशंकरला म्हणले, मला सोलापूरला ने. कशाला म्हणला. म्हणले, त्या डॉक्टरला बघायचं हाय. त्यानं नेलं. डॉक्टर कामात होते, बाहेर बाकड्यावर बसवलं. लेकरं हायत गं तिथं, किती लेकरं. टकली, तोंडाला फडकं बांधलेली, आन् खेळायलीत. आपली एकटीच हाय असं वाटायचं मला.

शेजारी एक बाई बसली होती, रेणापूरकडची, साखराबाई. नातू घेऊन आली होती. तिनं मला विचारलं, तुमचं कोण हाय? म्हणले, नात. मग ती म्हणली, मावशी, हे औषध लई जहाल, म्या आमच्याकडच्या एकाची झाडपाल्याची पुडी बी चालू ठिवलीय, सुनेला सांगितलं न्हाई. कनवटीची पुडी काढून मला दाखवली. तुला जे सांगाय पाहिजे होतं, ते म्या त्या अनोळखी बाईला सांगितलं. कोणती गोळी दिली, कधीपासून, काय झालं, सून काय बोलली. सगळं. ती घाबरली. म्या तिचा हात धरला आन् दोघी डॉक्टरच्या खोलीत गेलो, नंबर नव्हता तरी. पुडी टेबलावर ठिवली. डॉक्टर तिच्यावर ओरडले न्हाईत. माझ्याकडं बघून म्हणले, आजी, तुम्ही पुन्हा या. माझ्यामुळं पोरीचं किती बिघडलं, ते विचारायचं होतं, ते राहूनच गेलं.

दिपाली, तू मला जे बोललीस ते परत घे असं म्या म्हणणार न्हाई. तू आई हायस. माफी बी मागत न्हाई. माफी मागून तुला अजून एक काम लावायचं, कशाला?

पण दुसरं सांगते. अजून वर्षाच्या वर गोळ्या हायत. उद्या तुला ताप आला, तुझी अक्का आजारी पडली, भीमाशंकर बाजाराला गेला, तर त्या गोळीला घरात दुसरं माणूस पाहिजे. आन् घरात माझ्याबिगर दुसरं माणूस न्हाई. ह्या घरात एक म्हातारी त्या गोळीवर डोळा ठिवून, नाक मुरडून बसलेली राहिली, तर ती गोळी पोरीच्या गळ्याखाली सुखानं उतरायची न्हाई. हे मला आधी कळाय पाहिजे होतं. न्हाई कळलं.

आन् खरं सांगू का? ते चिकूचं. पोरीनं हात मागं नेले ते. डोळे मिटले तरी मला तेवढंच दिसतंय.

म्हणून मागते. दिवाळीआधी ये म्हणत न्हाई, तुला वाटेल तेव्हा ये. आलीस की एक सोमवार मला दे. गोळी तू काढ, तू बघ, पाकिटावरचं नाव दोनदा वाच, माझ्या तळहातावर तू ठेव. माझ्या मनगटाला धरून उभी राहा, माझी काही तक्रार न्हाई. फक्त तिच्या तोंडात ती माझ्या हातानं जाऊ दे. तू न्हाई म्हणशील. तुझ्या जागी मी असते तर मी बी न्हाईच म्हणले असते, दार सुद्धा उघडलं नसतं. तरी मागते. लोभ ठेव म्हणायची हिंमत न्हाई, तेवढा एक सोमवार ठेव.

नागम्मा